बोगद्यात ऐकू येतं

डाव्या टाचेच्या वर दोरखंडासारखी जी शीर असते
तिच्यावर अंगठा दाबून बिल्ला म्हणाली,
"दोन आठवडे घरी बस."
हे मंगळवारी.
आज शनिवार.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर बोटी
गोठ्यातल्या गाईंसारख्या एकमेकींना खेटून उभ्या,
आणि रेडिओवरची बाई सांगतेय,
कचऱ्याचे डबे बांधून ठेवा,
वयस्कर माणसांना एकटं बाहेर सोडू नका.
मी बावन्नची.
नाड्यांना दुहेरी गाठ मारते.

बत्तीस किलोमीटर.
फ्रिजवर, लोहचुंबकाखाली, विजेच्या बिलाशेजारी
एवढंच लिहिलंय आजच्या रकान्यात.
टाचेसाठी रकाना नाही.

पाऊस इथे वरून पडत नाही.
तो समुद्रावरून आडवा येतो, खारट,
एका कानात शिरतो
आणि दुसऱ्यातून निघायचं नाव घेत नाही.
चढावर मेंढ्या दगडी भिंतीच्या आडोशाला बसल्यात,
माझ्याकडे बघतायत
जशी कारखान्यातली पोरं बघतात मी डब्यात नुसता बटाटा आणते तेव्हा.
सव्वीस वर्षं ओल्या फरशीवर उभी राहून
मी मासे साफ केले,
पायांनी कधी ब्र काढला नाही.
धावायला काढले
तेव्हा कुठे बोलायला लागले.

वाऱ्यात एक सोय असते,
स्वतःचं काही ऐकू येत नाही.
कण्हणं, धाप, एखादी शिवी,
सगळं त्याच्याच नावावर खपतं.

मग बोगदा.
जुना, एकेरी, दिवा नसलेला,
डोंगराच्या पोटात सरळ घुसलेला.
दहा पावलं आत गेले
आणि मागे कुणी दार लोटल्यासारखा वारा बंद.

टप्… टक्.
टप्… टक्.

कुणी लंगडा माझ्या मागून येतोय
असं वाटून मी चक्क थांबले.
तोही थांबला.
निघाले, तोही निघाला.

ही चाल माझ्या ओळखीची.
अशीच जिन्यावरून वर यायची रात्री,
बाप बोटीवरून परतला की.
दोर गुंडाळायच्या चाकात गुडघा सापडला होता त्याचा,
आणि तरी आठवड्यात तो पुन्हा समुद्रावर.
आम्ही पोरं म्हणायचो, चिवट.
आई म्हणायची, मूर्ख,
आणि त्याच्यासाठी पाणी तापवायला ठेवायची.
मी अजून ठरवलेलं नाही कोण बरोबर होतं.

समोरून दोन दिवे.
मी भिंतीतल्या कोनाड्यात अंग चोरून उभी.
तोराल्वरची गाडी, मागे खताची पोती.
काच खाली झाली. "बस."
"नको. तेवीसच राहिलेत."
त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं,
मग आपल्या हातमोज्यांकडे,
ते काढून माझ्या हातात कोंबले.
"पलीकडे गारा आहेत," म्हणाला, आणि गेला.
मोज्यांना मेंढ्यांचा वास होता. आत ऊब होती.

पलीकडे खरंच गारा होत्या.
तोंडावर मूठभर वाटाणे फेकावेत तशा.
आणि खोटं कशाला बोलू,
बरं वाटलं मला.
लंगडणं पुन्हा ऐकू येईनासं झालं.
पण पाऊल मात्र मी आखूड केलं होतं,
टाच टेकवत होते हळू,
झोपलेल्या पोराशेजारून उठावं तशी.

परत येताना तोच बोगदा.
या खेपेला मी मागे पाहिलं नाही.
तो आला, येऊ दिला,
दोघं मिळून बाहेर पडलो.

घराशी पोचले तर घड्याळात एकतीस पूर्णांक सहा.
मग अंगणात,
उभ्या गाडीला आणि कचऱ्याच्या बांधलेल्या डब्याला वळसे.
एक, दोन, पाच, अकरा.
समोरच्या खिडकीत मालान
कप हातात धरून ते सगळं बघत होती.

आता खुर्चीवर पाय वर,
टाचेवर गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी.
तोराल्वरचे मोजे शेगडीपाशी वाफाळतायत.
फोन वाजतोय.
बिल्ला.
गाव लहान आहे, मालानची तर ती भाचीच.

मी पिशवी जरा घट्ट दाबते
आणि फोन वाजू देते.